फेरीचं रजिस्टर

मन्मथ टाइम वर्क्स, उदगीर.
माझ्याकडं कंपनीचं एवढंच उरलंय :
लाल कापडी पाठीचं रजिस्टर
आणि भिंतीवरचं घड्याळ, नंबर दोनशे चौदा.

मन्मथप्पा हैदराबादेत पत्थरगट्टीला
नऊ वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडत बसले.
परत आले ते एक जुना लेथ
आणि एक धास्ती घेऊन :
पितळ उन्हात वाढतं.
चैत्रात लंबक केसभर लांबतो,
दिवसाला दहा-बारा सेकंदं सांडतात.
कुठं सांडतात, हे त्यांना झोपू देत नसे.

म्हणून गॅरंटीच्या कार्डावर छापलं,
वर उर्दूत, खाली मराठीत :
कंपनीचा माणूस वर्षातून दोनदा येईल.
किती वर्षं, ते छापायचं राहून गेलं.

तो माणूस म्हणजे माझा बाप, नागोराव.
देवणी, वाढवणा, हेर, नळगीर, जळकोट,
सायकल, पिशवीत पान्हा,
खिशात स्टेशनवर लावून घेतलेलं घड्याळ.
चैत्रात लंबकाखालचा नट अर्धा फेरा वर,
मृगात अर्धा फेरा खाली.
लोक हसायचे. ‘नागोराव, कशाला आलालाव एवढ्या उन्हात?’
‘ऊन हाय म्हणूनच आलालाव.’

तबकड्या घौस मोहियोद्दीन रंगवायचे,
सहावर आले की ब्रश ठेवून चहा.
अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात ते दिसेनासे झाले.
मन्मथप्पांनी कोऱ्या तोंडाची सोळा घड्याळं
फळीवर ओळीनं चालू ठेवली,
दुसऱ्या कुणाला ब्रश दिला नाही.
दिवाळीनंतर घौसचाचा आले.
कुठं होता, कुणी विचारलं नाही.
त्यांनीच विचारलं, ‘आकडे कुठले काढू?’
‘हात बसलाय ते काढा.’

ती सोळा कुणी घेतली नाहीत.
एक पगारात वळतं करून आमच्या घरी आलं.
मी वेळ शिकले ती त्याच्यावर.
शाळेत पाच लिही म्हटलं की
उलटं पिंपळपान काढायची, मार खायची.

कंपनी एका जागी बसून राहिली
आणि तिच्याखालून तीन राज्यं गेली, तीन जिल्हे गेले.
बिदर खोडून उस्मानाबाद,
उस्मानाबाद खोडून लातूर.
शिक्के बदलले, पाकिटं जुनीच.
बापाचं अक्षरही तेच, शेऱ्याच्या रकान्यात :

हेर, शाळा. बारा सेकंद मागे. दुरुस्त.
जळकोट, चावडी. आत चिमणीचं घरटं. पिल्लं उडाल्यावर येणे.
वाढवणा, बहात्तर साल. शाळा बंद. घड्याळ खडीच्या कामावर, बाभळीला.
मुकादम सुट्टीआधी काटा मागे ढकलतो. बायकांची तक्रार.
काटा घट्ट केला. मुकादमास सांगितले नाही.

मग सेलवाली आली.
हलकी, प्लॅस्टिकची, लग्नात आहेर म्हणून पाच-पाच.
त्यांना चैत्र कळत नाही,
कुणी यावं लागत नाही.
देवणीच्या हेडमास्तरांनी बापाला पाणी दिलं,
खुर्ची दिली, आणि भिंतीवरचा मोकळा खिळा दाखवला.
त्या दिवशीचा रकाना : खिळा मजबूत आहे.

सत्त्याऐंशीत लेथ भंगारात गेला.
बाप त्यानंतरही चार वर्षं फिरला.
पगार कोण देतंय, आई विचारायची.
तो कार्डाकडं बोट दाखवायचा.

नंतर नट मीच फिरवत आले.
उन्हाळ्यात वर, मृगात खाली.
यंदा पोरानं त्या खोलीत एसी बसवला.
बाहेर त्रेचाळीस, रस्त्यावर कुत्रं नाही.
मी सवयीनं स्टुलावर चढले, पान्हा घेऊन,
आणि लंबकाला बोट लावलं. गार.
चैत्र भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता.

बराच वेळ तशीच उभी होते.
मग उतरले, रजिस्टर काढलं,
बापाच्या ओळीखाली तारीख घातली :

उदगीर, राहते घर. नंबर दोनशे चौदा.
घड्याळ बरोबर.
उन्हाळा आढळला नाही.